पेल्याभोवतीची पंगत

मुंबई बंदरांतून पूर्वेकडे पाहिलें असतां स्वच्छ हवेच्या दिवशीं डोंगररांगेंतून वर आलेला एक अंगठा दिसतो. तो कर्नाळ्याचा सुळका होय. इंग्रज दर्यावर्दींना तो उपड्या नरसाळ्यासारखा वाटला, म्हणून त्यांनीं त्याचें नांव 'फनेल हिल' असें ठेवलें. पायथ्याच्या लोकांना मात्र तो पांडूचा बुरूज. जें नरसाळें बाटली भरतांना हातीं लागतें, त्याच्याच नांवानें परक्यांनीं ओळखलेल्या डोंगराच्या छायेंत मित्रांनीं मिळून पिण्याचा एक जुना आचार कसा फुलला व कसा मोडला हें पाहावयाचें, हा योगायोग मौजेचा खरा.

किल्ल्याचा राजकीय इतिहास सर्वश्रुत आहे. यादव, निजामशाही, पोर्तुगीज, शिवाजी महाराज, मोगल, पेशवे. बोरघाटांतून उतरणारी वाट आणि पनवेलची खाडी या दोहोंवर तेथून नजर ठेवतां येई. म्हणून ज्याला उत्तर कोंकण हवें त्याला कर्नाळा हवा असे. १८१८ सालीं कर्नल प्रॉथरच्या फौजेनें तो घेतला आणि किल्ल्याचें कामच संपलें. किल्लेदारी जवळच्या शिरढोणच्या फडके घराण्याकडे होती. त्याच घराण्यांत १८४५ सालीं वासुदेव बळवंतांचा जन्म झाला. हें सारें शाळेच्या पुस्तकांतून येतें. परंतु वर निशाण कोणाचें आहे याची फारशी वास्तपुस्त न करतां खालच्या पाड्यांवर रोज संध्याकाळ होत असे, आणि त्या संध्याकाळीं माणसें काय पीत, कोणाबरोबर पीत व कां पीत, हा इतिहास पुस्तकांत क्वचितच येतो.

ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत पिण्याचीं दोन झाडें होतीं असें म्हटलें तर चालेल. किनाऱ्यालगत ताड, माड आणि शिंदी, रानांत मोह. ताडमाडांवर चढणारा भंडारी. तो कमरेला कोयता व मडकें बांधून पहांटे शेंड्यावर जाई आणि रात्रभर ठिबकलेला रस उतरवी. मडक्याला आंतून चुना लावला तर तो रस गोड नीराच राहतो. न लावला तर सूर्य वर येतां येतां तो आंबूं लागतो आणि दुपारपर्यंत त्याची ताडी होते. ती फार काळ टिकत नाहीं. ज्या झाडाची त्या झाडाखालीं, त्याच दिवशीं, जमलेल्या माणसांनीं ती संपवावी हाच तिचा स्वभाव. साठवण, वाहतूक, दुकान हे शब्द तिच्या प्रकृतीला मानवतच नाहींत. शेतांत राबणाऱ्या आगऱ्याला अगर कोळ्याला ती पेय होती तशी न्याहारीही होती.

मोहाची तऱ्हा वेगळी. होळीच्या आगेमागे मोहाचीं फुलें रात्रीं गळतात व उजाडतां उजाडतां झाडाखालीं फिकट पिवळा सडा पडतो. बायकामुलें टोपल्या घेऊन तीं वेंचतात आणि वाळवून ठेवतात. दाण्यांची टंचाई पडली कीं तींच फुलें शिजवून किंवा भाजून खावयाचीं. शिवाय कांहीं दिवस पाण्यांत कुजत घातलीं, मग मातीच्या भांड्यांत शिजवून त्यांची वाफ बांबूच्या नळीनें दुसऱ्या थंड भांड्यांत उतरवली, म्हणजे दारू झाली. तीच पुन्हां एकदां गाळली तर अधिक कडक, ती बेवडा. पुढें शहरानें हा शब्द दारूवरून उचलून पिणाऱ्यावर चिकटविला. पिण्यापेक्षां पिणाऱ्याला नांव ठेवणें शहराला नेहमींच सोपें गेलें आहे.

ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर एकट्यानें पिण्याला फारसा अर्थ नव्हता. पहिला थेंब जमिनीवर सांडावयाचा, देवाला व पूर्वजांना. मग पानाचा द्रोण फिरावयाचा. सोयरीक जमली ती दोन्ही पक्षांनीं मिळून प्याल्यावरच जमली. लग्नांत, शिमग्यांत, मयताच्या दिवशींही भांडें मध्यें असे. पंचायतीनें एखाद्यास दंड केला तर तोही पुष्कळदां दारूच्याच रूपानें घेण्यांत येई, आणि ती प्यावयाला सगळे बसत, अपराधीही बसे. ज्यानें दंड भरला त्याच्या हातांतही द्रोण आला म्हणजे तो पुन्हां जातींत आला, भांडण मिटलें. आधुनिक न्यायालयांतून शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला असें कोणी पंगतींत घेत नाहीं, ही गोष्ट सहज मनांत येते.

या चित्रांत सारेंच गोड होतें असें मात्र नव्हे. लग्नाची दारू कोठून आणावयाची? रानांतील फुलें पुरेशीं नसलीं, किंवा तीं वेंचण्यास मना झाली, कीं सावकार पुढें होई. लग्नापुरते घेतलेले थोडके रुपये फेडण्यासाठीं नवरा, पुष्कळदां नवरीसुद्धां, सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षें राबे. ठाणें जिल्ह्यांत अशा गड्याला लग्नगडी असें नांवच होतें. एका संध्याकाळच्या आनंदाची किंमत आयुष्याच्या निम्म्या उमेदीनें द्यावी लागे. ज्यांनीं आदिवासींच्या पिण्यावर नुसती कवितेची दृष्टि टाकली त्यांना हा हिशेब दिसला नाहीं. आणि ज्यांना हिशेब दिसला त्यांतल्या बहुतेकांनीं सगळा दोष भांड्यावर ठेवून सावकाराच्या वहीकडे पाठ फिरविली.

राज्यसत्तेनें पिण्यांत लक्ष घातलें तें इंग्रजांपासून असें नव्हे. पेशव्यांच्या अमलांत मद्याला मनाई होती, आणि ती केवळ कागदावर नव्हती. न्यायमूर्ति रानड्यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींवर लिहिलेल्या विवेचनांत यासंबंधीं मोठी मनोरंजक माहिती दिली आहे. नाशिकच्या कांहीं ब्राह्मणांवर मद्यपानाचा संशय आला, तेव्हां त्यांची रवानगी किल्ल्यांवर कैदेंत झाली. मात्र नव्यानें जिंकलेल्या वसई-चौलच्या किनाऱ्यावर कोळी, भंडारी आणि ख्रिस्ती रयत यांना सूट होती. म्हणजे बंदीचा निकष आरोग्य हा नसून जात व प्रतिष्ठा हा होता: ज्यानें पिऊं नये त्यानें प्याल्यास किल्ला, आणि जो पितच आला आहे त्यानें पट्टी भरून प्यावें. कर्नाळ्याच्या पायथ्याचा ठाकूर या व्यवस्थेंत जवळजवळ दिसतच नाहीं. तो रानांत होता, आणि रान अजून कोणी मोजलें नव्हतें.

तें मोजलें गेलें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा हा या इतिहासांतला खरा वळणाचा दगड होय. चार्ल्स प्रिचर्ड हा अबकारी खात्याचा कमिशनर. मोठा उद्योगी व हिशेबी अधिकारी. थोडकें सेवन आणि अधिकांत अधिक उत्पन्न, असें खात्याचें धोरण सांगण्यांत येई. यांतलें उत्पन्नाचें कलम मात्र नेमानें पार पडलें. गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद झाल्या. दारू सरकारी नजरेखालीं मोठ्या भट्ट्यांत गाळावयाची, मक्तेदारानें ती उचलावयाची व परवान्याच्या गुत्त्यांतून विकावयाची. ताडाच्या झाडांना क्रमांक पडले. परवान्यावांचून छेद द्यावयाचा नाहीं. जी पट्टी पूर्वीं आण्यांत मोजीत ती आतां रुपयांत मोजावी लागली. भंडाऱ्यानें झाड सोडलें, ताडी महाग झाली, आणि सौम्य ताडी पिणारा माणूस गुत्त्यावरच्या कडक दारूकडे वळला. मद्यपान आटोक्यांत आणण्यासाठीं केलेल्या कायद्यानें माणसांना हलक्या पेयावरून तीव्र पेयाकडे लोटलें, हें त्या काळच्या टीकाकारांनीं पुन्हांपुन्हां सांगितलें आहे.

मोठ्या भट्ट्या कोठें? कर्नाळ्याच्या पश्चिमेस खाडीपलीकडे, उरणास. मोऱ्याच्या धक्क्यावरून पिंपें मचव्यांत चढत आणि बंदर ओलांडून मुंबईस उतरत. भट्टीवाले मुख्यतः पारशी. धंदा चोख, नोंदी व्यवस्थित. आणि या भट्ट्यांना लागणारीं मोहाचीं फुलें येत तीं गुजरातेंतून. पंचमहालांतून आगगाडीनें मुंबई, मुंबईहून गलबतानें उरण असा तो प्रवास. म्हणजे ठाकुराच्या झोंपडीपुढें गळणारें फूल शिजविणें हा गुन्हा, आणि शेंकडों मैलांवरून आलेलें तेंच फूल शिजवून त्याच ठाकुराला पैसे घेऊन विकणें हा कायदेशीर व्यापार. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानें यावर कळस चढविला. ठाणें आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांपुरता केलेल्या त्या कायद्यानें मोहाचीं फुलें गोळा करणें व बाळगणें यांवरच निर्बंध घातले. दुष्काळांत जें अन्न त्यालाच चोरीचा माल ठरविण्याचा हा प्रकार होता.

पण या कायद्यांचें खरें नुकसान पैशांत मोजतां येत नाहीं. गुत्ता ही बसण्याची जागा नव्हती. तेथें देवाचा थेंब नाहीं, सोयरीक नाहीं, पंच नाहींत. खिडकींतून पेला यावा, पैसे जावे, माणसानें उभ्याउभ्यां प्यावें आणि वाटेला लागावें. झाडाखालची ताडी सगळ्यांची असे. गुत्त्यावरचा पेला ज्यानें पैसे दिले त्याचा. पिणें उरलें, पंगत मोडली.

लोकांनीं हें मुकाट्यानें सोसलें असें नाहीं. १८८६ च्या सुमारास ठाणें-कुलाबा किनाऱ्यावरच्या आगऱ्यांनीं पंचायती भरवून दारू न पिण्याचे ठराव केले. ज्या पंचायतींत पूर्वीं दंडाची दारू फिरे त्याच पंचायतीनें आतां पिणाऱ्याला जातीबाहेर ठेवण्याचा धाक घातला. हा नीतीचा उठाव होता कीं महागाईविरुद्धचा संप, याचा वाद घालीत बसण्यांत अर्थ नाहीं. तो दोन्ही होता. अबकारी खात्याला मात्र रयतेच्या या अचानक संयमाचा आनंद झाला नाहीं. संयमाचें गुणगान करणाऱ्या सरकारची खरी कसोटी लोक संयमी झाल्यावरच लागते.

आतां खाडी ओलांडून मुंबईंत यावयास हवें, कारण तेथें एक निराळीच पंगत जमूं लागली होती. इंग्रज आले ते मदिरा आणि ब्रँडी घेऊन. व्हिस्की उशीरा आली, आणि तिच्या येण्यामागें दोन अगदीं दूरचीं कारणें आहेत. पहिलें असें कीं, १८३० च्या सुमारास एनिआस कॉफी नांवाच्या गृहस्थानें अखंड चालणारी नवी भट्टी काढली. तीमुळें धान्याची दारू स्वस्त व सौम्य होऊन निरनिराळ्या दारूंचें मिश्रण करण्याची सोय झाली. हा कॉफी आयर्लंडांतला अबकारी अधिकारी. एका अबकारी अधिकाऱ्यानें जगाची व्हिस्की सुलभ केली आणि दुसऱ्यानें कर्नाळ्याची ताडी दुर्लभ केली! दुसरें कारण एक कीटक. १८६० नंतर फायलॉक्सेरा नांवाच्या सूक्ष्म किड्यानें फ्रान्समधील द्राक्षांचे मळे उध्वस्त केले. ब्रँडी मिळेना, तेव्हां साहेबाच्या मेजावर व्हिस्की व सोडा आले. 'पेग' हा शब्दही हिंदुस्थानांतल्या इंग्रजांच्याच तोंडीं रुळलेला.

साहेबाची पंगत क्लबांत. १८३३ सालीं निघालेल्या भायखळा क्लबाचे दरवाजे नेटिवांना बंद असत. त्या व्हरांड्यांत बसून दिवसभराच्या कामानंतर दोन मित्रांनीं हळूहळू पेला रिकामा करावा, त्यांत घाई नाहीं, अपराध नाहीं, असें जें दृश्य मराठी सुशिक्षितानें बाहेरून पाहिलें, त्याची त्याला ओढ लागली असल्यास नवल नाहीं. इंग्रजी विद्येबरोबर ती ओढही आली. पण त्याला व्हरांडा नव्हता. घरीं आईवडील, शेजारी जातभाई. म्हणून तो बंद खोलींत प्याला, घाईनें प्याला, आणि पिण्यालाच सुधारणा समजला. पाड्यावरच्या ठाकुराची पंगत कायद्यानें मोडली; शहरांतल्या पदवीधराची पंगत जमतांच लपून बसली.

समाजाच्या धुरीणांना हें दिसत होतें. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां १८८० सालीं त्यांनीं शहरांतील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. त्यांचा रोख पिणाऱ्यावर नसून दुकानें वाढूं देणाऱ्या धोरणावर होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९०८ सालीं पुण्यांत दुकानांसमोर उभें राहून गिऱ्हाइकांना परावृत्त करण्याची चळवळ झाली, तिला टिळकांचा पाठिंबा होता.

आणि मग 'एकच प्याला'. राम गणेश गडकऱ्यांचें हें नाटक गंधर्व मंडळीनें १९१९ सालीं रंगभूमीवर आणलें. नाटककाराला तें पाहतां आलें नाहीं, त्याच वर्षींच्या जानेवारींत त्यांचा अंत झाला होता. सुधाकराच्या अधःपाताबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे, परंतु या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे तें तळीरामाचें आर्यमदिरामंडळ. त्या बैठकींत निरनिराळ्या थरांतलीं माणसें एकत्र येतात, नियम करतात, भाषणें ठोकतात, सभेचें सारें सोंग आणतात. प्रेक्षागृह हसून लोटपोट होतें. गडकऱ्यांचा उपहास तिखट आहे खरा. पण त्या मंडळांत एक करुण सत्यही आहे. चारचौघांत बसून पिण्याला ज्या समाजानें मान्य जागा ठेवली नाहीं, त्या समाजांत अशी जागा काढावयाची तर तिला सभेचा वेष द्यावा लागतो. सुधाकर बुडाला तो त्या बैठकीमुळें, असें प्रेक्षक समजतात. नाटकांतला शेवटचा सुधाकर मात्र एकटाच पीत असतो.

राष्ट्रीय चळवळीनें दारूचा प्रश्न आपल्या हातीं घेतला तेव्हां कर्नाळ्याचा मुलूखही त्यांत ओढला गेला. १९३० च्या कायदेभंगांत ठिकठिकाणीं दारूच्या दुकानांवर निरोधन झालें. आणि त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला उरण भागांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. दारू व जंगल हे दोन विषय पुढाऱ्यांच्या ठरावांत वेगळे होते. ज्याच्या मोहाच्या फुलांवर एका कायद्याचा पहारा आणि सरपणावर दुसऱ्या कायद्याचा, त्याला ते वेगळे वाटण्याचें कारण नव्हतें.

१९३७ सालीं बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ आलें. त्यांतील अबकारी व आरोग्याचे मंत्री डॉ. गिल्डर, स्वतः पारशी आणि नामांकित वैद्य. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहर व उपनगरांत दारूबंदी सुरू झाली. ज्या जमातीच्या अनेक कुटुंबांची उपजीविका भट्ट्या व दुकानें यांवर चालत होती, तिच्याच एका सुपुत्रानें ती अमलांत आणावी, यासाठीं लागणारें धैर्य सामान्य नव्हतें. विरोधही तितकाच कडवा झाला. महायुद्ध सुरू झालें, मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, १९४० सालीं हायकोर्टाच्या निर्णयानें बंदी खिळखिळी झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून सबंध मुंबई राज्य कोरडें झालें. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बलसारा खटल्यांत कायद्याचीं कांहीं कलमें रद्द ठरविलीं, पण गाभा कायम ठेवला.

या कायद्याच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. दारूनें धुळीस मिळविलेले संसार त्याच्या कर्त्यांनीं पाहिले होते, आणि त्या संसारांतल्या बायकांनीं त्याला दुवा दिला. तथापि एक गोष्ट विलक्षण आहे. ज्याला प्रकृतीच्या कारणानें परवाना मिळे त्यानें आपल्यापुरतें प्यावें. बिनपरवान्याच्या माणसाला, मग तो कितीही जिवलग असो, आपल्या बाटलींतून पाजतां कामा नये. एकट्यानें पिणें हा आजार, त्याला औषध मिळेल. मित्राबरोबर पिणें हा गुन्हा. पाड्यावरचा जुना आचार याच्या नेमका उलटा होता. तेथें मिळून पिणें हा रिवाज, आणि एकटा पिणारा तेवढा संशयास्पद.

परिणाम सर्वांना ठाऊक आहे. उरणचीं पिंपें थांबलीं आणि खाडीकाठच्या झुडपांत हातभट्ट्या पेटल्या. जो आदिवासी शतकापूर्वीं आपल्या देवासाठीं गाळीत होता तो आतां रात्रीं, चोरून, शहराच्या गिऱ्हाइकासाठीं गाळूं लागला. माल मोटारीच्या रबरी ट्यूबांत भरून मुंबईस जाऊं लागला. तुरुंगांत तो गेला, नफा दुसऱ्याचा झाला. शहरांतल्या अड्ड्यावरही बसणें नव्हतें. एक डोळा दाराकडे ठेवूनच पेला संपवावयाचा. साठीच्या दशकाच्या मध्यापासून महाराष्ट्रांत परवाने सैल झाले, पुढें देशी दारूही कायदेशीर झाली. तरी परवान्याचा तो कागद कायद्याच्या पुस्तकांत अजून आहे.

कर्नाळ्याचें रान १९६८ सालीं पक्ष्यांचें अभयारण्य झालें. सुटीच्या दिवशीं मुंबई-पुण्याचीं मित्रमंडळें पनवेलवरून मोटारी घेऊन येतात. मद्य आंत नेण्यास मनाई, म्हणून कांहींजण संध्याकाळीं खालीं उतरून महामार्गालगतच्या हॉटेलांत बसतात. टेबल, बर्फ, शेंगदाणे, व्हिस्की. जुन्या आठवणी निघतात, एखादें जुनें भांडण हसण्यावारी मिटतें. खिडकींतून सुळका दिसतो.

१८९२ पासून मोहाच्या फुलावर बसलेला पहारा महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं बराचसा उठविला. आतां आदिवासीला तीं वेंचतां येतात, सांठवतां येतात, विकतां येतात. त्यांची दारू गाळण्यास मात्र परवाना लागतो.